सहा गाठींचा गाडा

गाडा दोन दिवस आधीच आला, तिथंच मस्ताच्या मनात पाल चुकचुकली.

चाळीस दिवस म्हणजे चाळीस. आमच्याकडं राजा गेला की त्याला मेणानं लिंपतात, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळतात, गाड्यावर घालतात आणि सातही चुलींच्या दारी जेवायला नेतात. सात चुली म्हणजे आमच्या सात टोळ्या. प्रत्येक चूल त्याला शेवटचा घास वाढते, आणि तो जेवून गेला याची खूण म्हणून गाड्याच्या खांबाला आपली गाठ बांधते. चाळिसाव्या दिवशी सूर्य बुडायच्या आत त्याला माती मिळाली पाहिजे. आमच्या राजाची, वराजमनची, तर याबाबत ताकीदच होती. तुमच्यामागं कोण, असं विचारून विचारून लोक थकले होते. पण म्हातारा पक्का! मरणाच्या आदल्या दिवशी सगळ्यांदेखत एवढंच म्हणाला, "जो मला साऱ्या चुलींवर जेवू घालील, त्यानं पहिली माती टाकावी."

पहिली माती टाकणारा गादीवर बसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजाचा धाकटा भाऊ स्तावग पुढं झाला आणि त्यानं बैलांचा कासरा धरला. सहाशे स्वार त्याच्या शब्दावर उठणारे. मग आडवं कोण येणार?

मस्ता विधवेच्या रीतीनं केस कापून राजासाठी खणलेल्या खड्ड्यापाशीच थांबली होती. गाडा दिसताच ती उठली. नवऱ्याच्या तोंडावरचा नमदा तिनं नीट केला, आणि मग खांबावरून हात फिरवला. लाल लोकर, राजाच्या घरच्या चुलीची. उंटाचे केस. घोड्याची शेपटी. निळी दोरी. लांडग्याची कातडी. पांढरा नमदा. तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"भाऊजी, लवकर आलात."

"बैल दमाचे होते, वहिनी."

"बोरूची वेणी कुठं दिसत नाही."

स्तावगनं घोड्यावरून उतरता उतरता खांबाकडं पाहिलं. "पडली असेल वाटेत. गवतच ते."

"आमच्याकडची वेणी पडत नाही. वळलीय मी ती लहानपणी, हात रक्ताळेपर्यंत."

"हे बघा, खरं सांगतो." स्तावगनं आवाज खाली आणला. "साठ तंबूंची ती चूल. गुडघाभर चिखल. गाडा फसला असता तर दादाचा देह तिथंच कुजला असता. सहा चुलींनी जेवू घातलंय ना? मासे खाऊन कोण मोठा झालाय आजवर?"

"मी," मस्ता म्हणाली.

 स्तावग बैलांना पाणी दाखवायला ओरडत निघून गेला.

मस्ता तशीच खांब धरून उभी राहिली. तिचं माहेर वगळलं होतं. पस्तीस वर्षांपासूनचा जावई, आणि शेवटचा घास घ्यायला सासुरवाडीला गेला नाही! तिनं मान वळवून मुलाकडं पाहिलं. सोराक अडतीस दिवस गाड्याबरोबर होता. त्याला सगळं माहीत होतं. सोराक आपल्या घोड्याचा खूर उचलून त्यातला खडा काढत बसला होता, आणि त्या खुरात खडा नव्हता.

*

थोरली मुलगी अस्पाया तिन्हीसांजेला खिंडीतून आली. बाप गेल्यावर दक्षिणेची खिंड उघडी ठेवायची नाही, म्हणून ऐंशी स्वार घेऊन ती तिकडंच राबत होती. दोनदा शत्रूला परतवून आली होती, दंडाला फडकं बांधलेलं होतं. पोरगी तिशी ओलांडलेली, बोलायला फटकळ, बापावर गेलेली.

आईच्या तंबूत बादागी आत्या आधीच येऊन बसली होती. वराजमनची ही बहीण म्हणजे वारा बघून तंबूचं दार फिरवणारी बाई. सकाळी ती स्तावगकडं जेवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्या, तुम्ही कुणाकडून?" अस्पायानं बसायच्या आधीच विचारलं.

"मी माझ्या भावाकडून."

"कुठल्या?"

"मेलेल्या. तो भांडत नाही." आत्यानं वाळलेल्या दह्याचा खडा तोंडात टाकला. "आता बस. हात बघू तुझा."

अस्पाया बसली नाही. तिचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या भावाकडं होतं. "सोराक, आत ये. उंबरा काय झिजवतोयस?"

सोराक आत आला. तेवीस वर्षांचा उंचापुरा गडी, पण त्या वेळी खांदे असे पाडले होते की तो आईएवढाच दिसला.

"बोरूवाल्यांकडं गाडा का गेला नाही?"

"चिखल होता, ताई."

"चिखल दर वसंतात असतो. खरं बोल."

सोराकनं आईकडं पाहिलं.  ती चुलीतली राख काठीनं सारखी करत होती. तेच त्याला सोसवलं नाही. "काकांनी उंटवाल्यांच्या ओर्तागला शब्द दिलाय," तो भडाभडा बोलून मोकळा झाला. "माती पडली की नदीचा काठ उंटवाल्यांचा. हिवाळ्यात त्यांचे कळप तिथं राहणार. बोरूवाल्यांना पलीकडं हुसकायचं. जी चूल राजाला जेवू घालत नाही ती चूलच नाही, असं म्हणायचं ठरलंय. म्हणून गाडा तिकडं नेला नाही. मग ओर्ताग काकांच्या मागं उभा राहणार."

"आणि तुला काय?" अस्पाया म्हणाली.

"चाळीस तांबडे घोडे."

"वा! बापाला उपाशी ठेवायचा मोबदला बरा मिळवलास."

"मला वाटलं..." सोराकचा आवाज फुटला. "मला वाटलं, एका घासानं काय होतंय? ताई, मी रोज रात्री त्यांच्या शेजारी निजायचो. आणि शेवटचे चार दिवस मला त्यांच्याकडं बघवेना."

अस्पायाचा हात खंजिरावर गेला होता. बादागी आत्यानं तो पाहिला. "काढ, काढ," ती म्हणाली. "तुझे ऐंशी, त्याचे सहाशे. परवा बापाबरोबर तुलाही पुरू, एकाच खड्ड्यात काम होईल. आणि तू जिंकलीस तरी काय? सात चुलींच्या चौदा होतील."

"मग गप्प बसू? बोरूच्या काठावरच्या मामाला घरातून हाकलतील, आणि मी बघत बसू?"

"कातडं अंथर," मस्ता म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडं पाहिलं. कातड्यावर बसतो तो ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याच्या हातात बळ नाही तो. आपला बैल कापायचा, मांस शिजवायचं, बैलाचं कातडं जमिनीवर पसरायचं आणि बांधल्यासारखे हात पाठीमागं घेऊन त्यावर बसायचं. मागायचं नाही, रडायचं नाही. ज्याला पटेल तो येतो, मांसाचा तुकडा घेतो, उजवा पाय कातड्यावर ठेवतो आणि किती घोडे देणार ते बोलतो. बोललेला शब्द मागं घेता येत नाही. पण कुणीच आलं नाही, तर बसणाऱ्यानं उठून पायी चालू लागायचं आणि पुन्हा चुलीकडं फिरकायचं नाही.

"राजाची मुलगी कातड्यावर?" आत्याच्या तोंडातला दह्याचा खडा तसाच राहिला. "अगं वहिनी, हसतील लोक."

"हसू देत." मस्ता उठली. "माझ्याबरोबर माहेरून आलेल्या गुरांतला शेवटचा बैल आहे. पांढऱ्या तोंडाचा. तोच कापू."

*

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी स्तावग तंबूबाहेर आला तेव्हा मोकळ्या मैदानात कढई उकळत होती आणि पुतणी कातड्यावर बसली होती. हात मागं, मान ताठ.

त्याला आधी हसूच आलं. मग जरा लाजही वाटली. ही पोर त्याच्या खांद्यावर बसून घोडा शिकली होती. स्तावग काही राक्षस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं तो भावाच्या उजव्या हाताला लढला होता. त्याला मनापासून वाटत होतं की सात चुली एकत्र ठेवायला जाड मनगट लागतं, आणि त्यासाठी साठ तंबू गेले तर गेले.

"अस्पाया, ऊठ बाळ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझा काय अन्याय झालाय? तुला हवी तेवढी गुरं देतो."

अस्पाया बोलली नाही. बसणाऱ्यानं बोलायचं नसतं. बोलली ती मस्ता, कढईशेजारून. "तिचा बाप एका चुलीवर उपाशी राहिलाय. एवढाच अन्याय. ज्याला पटेल त्यानं यावं."

लोक जमले. सहा चुलींचे म्हातारे, बायका, स्वार, सगळे गोल करून उभे राहिले. पण पुढं कोणी येईना. स्तावगचे सहाशे स्वार कुठं उभे आहेत हे प्रत्येकजण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होता. उंटवाल्यांचा ओर्ताग तर पोटावर हात बांधून मजा बघत होता.

कढईतली वाफ कमी झाली. मस्तानं खालचं लाकूड पुढं सारलं. ऊन चढत चाललं.

कातड्यावर अस्पायाच्या दंडातून कळ येत होती. बैलाचं कातडं अजून ओलं होतं, उबदार होतं. ती मनात म्हणत होती, बाबा, तुम्ही नाव घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं? आणि लगेच तिला कळलं की नाव घेतलं असतं तर आज ती कातड्यावर नसती, रणात असती. म्हातारा कुणाला निवडून गेला नव्हता, तो परीक्षा लावून गेला होता!

गर्दीतून कुणीतरी निघालं. सोराक होता. येता येता तो एकदा अडखळला. कढईतून त्यानं इतका गरम तुकडा उचलला की बोटं भाजली, पण टाकला नाही. उजवा पाय त्यानं कातड्यावर ठेवला.

"चाळीस घोडे," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा ओरडला, "चाळीस तांबडे घोडे! काकांनी मला गप्प बसायला दिलेले!"

आणि मैदानात जो हशा पिकला! बायका पदर तोंडात घालून हसल्या, स्वार मांड्या थोपटून हसले. स्तावगचा चेहरा लालबुंद झाला.

"सरक रे," म्हणत बादागी आत्या आली. तिनं तुकडा निवडून, मऊ बघून घेतला. "माझे बारा. म्हातारे आहेत, पण माझ्यासारखेच हट्टी आहेत."

"आत्या, वारा फिरला वाटतं?" कुणीतरी ओरडलं.

"फिरला नाही मेल्या, मी फिरवला!"

मग घोड्याच्या शेपटीवाले आले, तीस. निळ्या दोरीवाले, पन्नास. पांढऱ्या नमद्यावाल्यांचा म्हातारा दोन नातवांच्या खांद्यावर हात टाकून आला आणि त्यानं पाय ठेवून सांगितलं, "माझ्या चुलीवर वराजमन जेवला. पण दुसरीकडं उपाशी राहिलेला पाहुणा पुन्हा माझ्याच दारी येणार. मला भुकेलं भूत नकोय बाबा. साठ घोडे." लांडग्याच्या कातडीवाले तर भांडत आले, आधी कोण म्हणून.

स्तावगनं खंजिरावर हात ठेवला. एवढे घोडे म्हणजे उघड लढाई. त्याच्या स्वारांनीही लगाम आवळले. बायका पोरांना मागं ओढू लागल्या.

तेव्हा अस्पाया उठली. पाठीमागचे हात तिनं सोडले आणि आखडलेली बोटं चोळली.

"शब्द दिलात, आता पाळा," ती म्हणाली. "घोडे लढायला नकोत. गाड्याला जुंपा. बोरूच्या काठाला जायचंय, सोबत लांब दोर घ्या. दमले की बदलू, फसला की उचलू. उद्या सूर्य बुडायच्या आत बाबा जेवून परत आले पाहिजेत."

कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण कळलं तेव्हा सगळे एकदमच धावले. कुणी दोर आणले, कुणी बैल सोडले. स्तावग कासरा धरून गाड्यापाशी गेला खरा, पण तोवर बैल रानात चरायला लागले होते आणि गाड्यापुढं घोड्यांच्या चार रांगा उभ्या होत्या. त्याच्या हातात नुसती दोरी राहिली.

ओर्तागनं घसा खाकरला. "पाच चुलींचे घोडे ओढणार, आणि आमचे नुसते चरणार होय? उद्या लोक म्हणतील उंटवाल्यांचे घोडे मरतुकडे." तो ऐटीत आला, पाय ठेवला. "शंभर!"

"आणि नदीचा काठ, ओर्तागकाका?" अस्पायानं विचारलं.

"कसला काठ?" ओर्ताग म्हणाला, आणि मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा घेऊन गेला.

*

चिखल होताच. स्तावग त्याबाबत खोटं बोलला नव्हता. चाळिसाव्या दिवशी सकाळी शेवटच्या उतारावर गाडा आसापर्यंत रुतला, आणि सोळा घोडे ओढूनही हलेना. नमद्याखाली वराजमन एका कुशीला कलंडला.

स्तावग सगळ्यांच्या मागून, एकटा येत होता. का येत होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. गाडा कललेला दिसला आणि त्याच्या तोंडून निघालं, "अरे दादा पडेल!" घोड्यावरून उडी टाकून तो कमरेएवढ्या चिखलात शिरला आणि चाकाखाली खांदा दिला. दुसऱ्या चाकाला सोराकनं दिला. गाडा करकरत वर आला. काका-पुतणे एकमेकांकडं न बघताच बाहेर निघाले.

बोरूच्या काठावर सायाग मामा उभा होता. मस्ताचा थोरला भाऊ, त्या साठ तंबूंचा प्रमुख. मागं सहा चुलींचे घोडे बघून तो जागचा हलला नाही. त्याला वाटलं, हाकलायलाच आलेत. मग त्याला गाड्यावर बसलेली बहीण दिसली.

"उशीर झाला, दादा," मस्ता म्हणाली.

"उशीर?" मामाचे डोळे भरले आणि आवाज चढला, दोन्ही एकदम. "एकोणचाळीस दिवस रोज मासा रांधतोय! रोज ताट वाढायचं, रोज संध्याकाळी नदीत सोडायचं. पोरं विचारतात, बाबा, राजा रुसलाय का? काय सांगू त्यांना? इतके का आम्ही वाईट?"

अस्पाया खाली उतरली आणि मामाच्या पाया पडली. "राजा रुसला नव्हता, मामा. आम्ही आणलं नव्हतं. आता वाढा."

मामानं आपल्या हातानं घास केला, काटा काढून, आणि मेलेल्या मेव्हण्याच्या ओठांना लावला. पस्तीस वर्षं तो असाच काटा काढून द्यायचा, कारण वराजमनला काटे काढता यायचे नाहीत. मस्ता पहिल्यांदा रडली ती तेव्हा. चांगली हंबरडा फोडून रडली, माहेरी रडतात तशी.

खांबाला बोरूची वेणी बांधली गेली. पण सूर्य डोक्यावर आला होता, आणि परतीची वाट तीच, चिखलाची.

"वाटेची काळजी सोडा," मामा म्हणाला. "चिखलात राहणाऱ्यांना चिखल ओलांडता येतो." त्यानं शीळ घातली. साठ तंबूंतली म्हातारी-कोतारी, बायका, पोरं, सगळी बोरूच्या मोळ्या घेऊन धावली आणि गाड्यापुढं अंथरत सुटली. मागच्या मोळ्या उचलायच्या, पुढं टाकायच्या. ज्या उताराला सोळा घोडे हरले होते, तिथून गाडा नुसता घरंगळल्यासारखा गेला. सगळ्या दलदलीतून घोषणा होत होत्या. आमच्या बोरूच्या चुलीतला एकही माणूस त्या दिवशी बसला नव्हता.

*

सूर्य डोंगराला टेकला होता तेव्हा गाडा खड्ड्यापाशी पोचला. म्हाताऱ्यांनी गाठी पाहिल्या. सात. वराजमनला आत उतरवलं, शेजारी त्याचं धनुष्य ठेवलं.

मातीची टोपली स्तावगच्या हातात होती. ती त्यानं चाळीस दिवसांपूर्वीच आपल्याकडं घेऊन ठेवली होती. अंगावरचा चिखल वाळून तडकला होता. सगळे त्याच्याकडं बघत होते. सहाशे स्वारही.

स्तावगनं वाकून खड्ड्यात पाहिलं. मग त्याला हसू आलं, खिन्न असं. "म्हातारा मरतानाही मला हरवून गेला," तो म्हणाला. टोपली घेऊन तो अस्पायासमोर आला. "घे. जड आहे, सांभाळ."

"तुम्ही बाजूला उभे राहा म्हणजे सांभाळीन. उजव्या हाताला."

अस्पायानं पहिली माती टाकली. सात चुलींनी मिळून जी आरोळी ठोकली ती खिंडीपलीकडच्या शत्रूनं ऐकली असणार, आणि ऐकावीच. मग सगळ्यांनी ओंजळी भरल्या. अंधार पडायच्या आत टेकडी उभी राहिली, पाच कोसांवरून दिसेल एवढी.

जेवायला बसले तेव्हा पंगतीत सातव्या चुलीची कढई पहिली आली. वाढायला मस्ता स्वतः उठली होती. स्तावगपाशी ती थांबली आणि त्याच्या ताटात भला मोठा मासा वाढला.

स्तावगनं वर पाहिलं.

"खा भाऊजी, पोटभर खा," ती म्हणाली. "तुम्हालाही मोठं व्हायचंय ना? फक्त काटा सांभाळून."

पहिल्यांदा हसली ती बादागी आत्या. मग सोराक. मग ओर्ताग, उंटवाले, बोरूवाले, सगळी पंगत. स्तावगनं मान खाली घातली, मासा फोडला आणि काटे काढू लागला. त्याला ते जमेना. तेव्हा सायाग मामा जागेवरून उठला, त्याच्याशेजारी येऊन बसला आणि त्याच्या ताटातले काटे काढून देऊ लागला.